ला मोतची रिकामी बाही अखेर जमली

मंडळी, बाही जमली! सैनिकाच्या ज्या छोट्या मॉडेलवर, म्हणजे फिगरवर, मागच्या वेळी एवढा वैताग काढला, तिच्यावर काल प्रायमर (रंगाआधीचा अस्तर-थर) चढला.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: ७५ मिमीचा हा गडी म्हणजे व्हालाँतँ द पार्दिय, ला मोतचा जहागीरदार आणि ग्राव्हलीनचा गव्हर्नर. नेदरलँड्सच्या बंडात १५७८ सालीच तो स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या बाजूला परतला. दक्षिणेकडचे प्रांत राजाकडे परतले तो अरासचा तह व्हायला अजून वर्ष होतं. १५८५ मध्ये बंडखोरांच्या ऑस्टेंडमध्ये घुसला, पण पाय रोवता आले नाहीत. १५८७ मध्ये स्लाउसच्या वेढ्यात एक हात गमावला. पुढच्याच वर्षी स्पॅनिश आरमाराची लढाई त्याच्या गावासमोरच्या समुद्रात झाली, म्हणून त्याला तटावर उभा करत होतो.

किटमधला अधिकारी अर्थातच दोन्ही हातांनी धडधाकट. खांद्याखाली हात कापणं सोपं होतं. छळलं ते बाहीनं. एपॉक्सी पुटीची केली की आत हात असल्यासारखीच फुगीर दिसायची. रिकामं कापड चपटं पडतं, आणि जिथे टाचलंय तिथून घड्या तिरक्या सुटतात. पुटी तेवढी पातळ लाटली की फाटायची. टाल्कम लावूनही कडा जाडच. टिश्यू पेपर आणि पाणी घातलेलं फेविकॉल घेतलं, तर घड्या सुरेख पडल्या, पण वाळताना आकसून खांद्याशी ही एवढी फट!

तोडगा औषधांच्या डब्यात सापडला: मलमाची रिकामी ॲल्युमिनियमची ट्यूब. उभी चिरायची, आतलं लॅकर ४०० नंबरच्या पॉलिशपेपरनं घासायचं (हे टाळू नका, प्रायमर सोलून निघतो), ब्रशच्या दांड्यावर गुंडाळायची, दांडा काढून नखानं चेपायची. खालचं टोक दुमडून चिलखतावर सुपरग्लूनं टाचलं. पुटी लागली ती फक्त खांद्याच्या सांध्याला. कोपराच्या जागी पडलेली ती आडवी मोड मी मुद्दाम केलेली नाही, पत्र्यानं आपणहून दिली!

चिलखत काळं आणि त्यावर राजाच्या फौजेची खूण म्हणून लाल पट्टा. कडांना ६बी पेन्सिलची पूड बोटानं चोळणार आहे. महागडे मेटॅलिक रंग या मापाला चमकीसारखे दिसतात, असं माझं ठाम मत.

आता खरी गोची. हे लिहितानाच वाटायला लागलंय की तट नकोच. १५९५ च्या जुलैत हा म्हातारा दुलाँच्या वेढ्यात मारला गेला, तेही एवढ्या जखमा अंगावर वागवून. दुलाँ म्हणजे उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डीतलं गाव. त्याला तिथल्या खंदकातच उभा करावा. मातीनं भरलेल्या वेताच्या टोपल्यांची आड खराट्याच्या काड्या आणि सुतळीत विणता येईल. तटाचा बेस अर्धा झालाय, तो दुसऱ्या कुणाला तरी लागेल.

पिकार्डीची जमीन खडूची, म्हणजे उकरलेली माती पांढुरकी हवी. त्यासाठी रांगोळी डोक्यात आहे. मॅट मिडियममध्ये (चमक न येणाऱ्या ॲक्रिलिक माध्यमात) कालवल्यावर ती पिवळी पडते का? कुणी वापरली असेल तर फोटो टाका.