पेटीतला फॉल्ट, नोंद 3: शाडूने पाणी अडवलं

मंडळी, गेल्या खेपेला लाल पाणी फॉल्ट (थर तुटून सरकले ती भेग) ओलांडून सरळ पलीकडे गेलं होतं. या रविवारी ते थांबलं.

नव्या वाचकांसाठी मांडणी थोडक्यात: माशांची जुनी काचपेटी, तळाला दोन फळ्या, त्यातली एक हळूहळू खाली सरकते. चाळलेली ओलसर वाळू म्हणजे वालुकाश्म, शाडूची माती म्हणजे शेल, चिखल घट्ट होऊन झालेला खडक. फळी 6 सेंटीमीटर खाली नेली की मधोमध तिरका फॉल्ट पडतो. मग एका बाजूच्या वाळूत खाण्याचा लाल रंग घातलेलं पाणी सोडायचं आणि काचेतून बघत बसायचं.

मागच्या वेळी शाडूचा 1 सेंटीमीटरचा एकच थर होता आणि तोही मी रात्रभर सुकू दिला होता. तो तुटला, दोन्हीकडची वाळू एकमेकींना भिडली. या वेळी तसेच दोन थर दिले, पुरणपोळीच्या कणकेसारखे सैल. फळी सरकताना माती ताणली गेली आणि फॉल्टच्या अंगाला लिंपली गेली. चाळीस मिनिटं लाल कड तिथेच होती. नंतर पेटी पातीने आडवी कापली, तर लेप काचेजवळ जाड आणि मध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर. काचेला माती चिकटते, तेव्हा नुसत्या काचेतून दिसणाऱ्यावर विसंबू नका. कापून बघाच.

तेलक्षेत्रातले भूवैज्ञानिक हाच हिशेब करतात. फॉल्टवरच्या एखाद्या बिंदूसमोरून जेवढा खडक सरकला, त्यात शेल किती टक्के? माझ्या मागच्या पेटीत 6 पैकी 1, म्हणजे साधारण 17. या वेळच्या पेटीत 33. प्रत्यक्षात 15 ते 20 टक्क्यांच्या वर फॉल्ट तेल अडवू लागतो असं ढोबळमानाने धरतात. पण माती सुकी की ओली, हे या आकड्यात येत नाही. माझ्या दोन पेट्यांत तर दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या. त्यामुळे पुढची पेटी एकाच, पण ओल्या थराची.

याचं खरं उदाहरण म्हणजे उत्तर समुद्रातलं ब्रेंट तेलक्षेत्र. 1971 साली सापडलेल्या या क्षेत्राचा मुख्य साठा मध्य ज्युरासिक वालुकाश्मात आहे. ब्रूम, रॅनक, एटिव्ह, नेस, टार्बर्ट या पाच थरसमूहांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ब्रेंट हे नाव जुळतं. एटिव्ह बहुतेक स्वच्छ वाळू, तर नेसमध्ये वाळू, चिखलखडक आणि कोळसा आलटूनपालटून. म्हणजे जिथे एटिव्हसमोरून एटिव्हच सरकलं तिथे लिंपायला मातीच नाही, आणि नेस सरकलं तिथे भरपूर. एकच फॉल्ट एका जागी बंद, दुसऱ्या जागी उघडा! मला या छंदात सगळ्यात जास्त ओढ याचीच आहे.

डिसेंबरात भुजच्या दक्षिणेला कात्रोल टेकड्यांत गेलो होतो. आम्हा सह्याद्रीवाल्यांना थर म्हणजे बेसाल्टचे, त्यामुळे झुरान समूहातले वालुकाश्म आणि शेलचे एकाआड एक थर बघून पाय निघेना. कात्रोल फॉल्टने हे ज्युरासिक खडक वर आणून त्यानंतरच्या क्रिटेशस काळातल्या भुज वालुकाश्माशेजारी उभे केलेत. कच्छचे मोठे फॉल्ट गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटताना ताणाने खचून झाले आणि पुढे दाबाखाली त्यांच्यावरच उलटी हालचाल झाली. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपातही हालचाल अशीच, दाबाची होती.

तेव्हा पाचव्या पेटीत आधी खचवायचं, मग बाजूने ढकलायचं. एकदा लिंपलेली माती परत वर सरकताना टिकते की फाटते, ते पाहायचंय. सरकती उभी भिंत कडेने पाणी न गळता कशी बसवावी? कुणी केली असेल तर रबरी पट्टी कोणती वापरली, तेवढं सांगा.