पहाटे ४.४९

जानेवारीतली सकाळ. सात वाजून वीस मिनिटांनी मी घरच्या टेबलावर लॅपटॉप उघडला तेव्हा नाशिकमध्ये अजून धुकं होतं. पडद्यावर वणीच्या पुढच्या पट्ट्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी दिसत होती. स्ट्रेचरवर पन्नाशीतला शेतकरी, अंगात स्वेटर, गुडघ्यापर्यंत ओला चिखल. उजवा हात स्ट्रेचरवरून खाली लोंबत होता. तोंड डावीकडे ओढलेलं, नजरही डावीकडेच. "नाव सांगा" म्हटलं की ओठ हलत, शब्द फुटत नव्हता.

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे. त्या हॉस्पिटलात सीटी स्कॅनचं मशीन आहे, रात्रपाळीला एक तरुण मेडिकल ऑफिसर आणि दोन सिस्टर असतात, पण मेंदूचा डॉक्टर थेट नाशिकलाच. म्हणून पक्षाघाताचा पेशंट आला की ते मला व्हिडिओ कॉल करतात. मी तपासायचं, स्कॅन बघायचा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही ते सांगायचं. द्यायचं ठरलं तर औषध तिथंच सुरू होतं आणि मग पेशंट नाशिककडे निघतो. आधी प्रवास आणि मग औषध असं केलं तर दिंडोरी ओलांडेपर्यंतच त्याचा बराचसा फायदा निघून गेलेला असतो.

बाहेरच्यांना वाटतं की पडद्यावरून पेशंट तपासणं अवघड असेल. ते तितकं अवघड नाही. समोर माणूस शहाणा असला तर स्ट्रोक स्केलवरची सगळी तपासणी पाच-सात मिनिटांत होते, आणि तो मेडिकल ऑफिसर खरोखर शहाणा होता. पेशंटला बोललेलं समजत नाही हे ओळखून त्यानं स्वतःचे हात वर करून दाखवले. डावा हात वर राहिला, उजवा दगडासारखा पडला. स्कोअर १४; आकडा जितका मोठा तितका झटका मोठा. खरा वैताग असतो स्कॅनचा. व्ह्यू बॉक्सवर फिल्म लावून तिचा मोबाइलनं फोटो काढायचा आणि व्हॉट्सॲपवर टाकायचा, ही सवय मला कित्येक ठिकाणी मोडता आलेली नाही. फिल्मवर ट्यूबलाइटची रेघ आणि फोटो काढणाऱ्याची सावली, त्यात मी मेंदूतली सूक्ष्म सूज शोधायची. मी टेक्निशियनला कॉन्सोलसमोर फोन धरून एकेक काप सावकाश सरकवायला सांगितलं. रक्तस्राव नव्हता. डाव्या बाजूचा मेंदू अजून बराचसा शाबूत दिसत होता. म्हणजे वाचवण्यासारखं खूप होतं.

राहिला एकच प्रश्न. किती वाजता झालं?

हा प्रश्न नातेवाइकांना फार किरकोळ वाटतो. पण आमचं सगळं त्याच्यावर उभं आहे. अल्टेप्लेस हे गुठळी विरघळवणारं औषध तीन तासांच्या आत दिलं तर उपयोग होतो हे १९९५ साली अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं, आणि २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीनं ती मुदत साडेचार तासांवर नेली. जितका उशीर तितका फायदा कमी. धोका मात्र आहेच: १९९५ च्या त्या चाचणीत औषध दिलेल्या शंभरातल्या सहाएक जणांच्या मेंदूत त्रास देणारा रक्तस्राव झाला होता, न दिलेल्यांमध्ये एकाहूनही कमी. आणि घड्याळ मोजायचं ते माणूस पडलेला सापडला तेव्हापासून नाही, तो शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. रात्री दहाला झोपलेला माणूस सकाळी वारं गेलेल्या अवस्थेत सापडला, तर आमच्या हिशेबात त्याचं घड्याळ रात्री दहाला सुरू होतं. अशा वेळी एमआरआय काढून ठरवता येतं, पण तिथं एमआरआय नाही.

स्ट्रेचरजवळ भाऊ आणि पुतण्या उभे होते. भाऊ म्हणाला, "मॅडम, रात्री जेवून झोपला तवा एकदम चांगला होता. सकाळी सहाला विहिरीपाशी पडलेला दिसला." रात्री कधी झोपला? "धा वाजले असतील."

मी दोनदा विचारलं, उलटसुलट विचारलं. उत्तर तेच. रात्री दहा ते सकाळी साडेसात, साडेनऊ तास. मी मेडिकल ऑफिसरला सांगितलं की वेळ निघून गेली आहे, इंजेक्शन देता येणार नाही. लगेच ॲम्ब्युलन्स काढा, इथं अँजिओ करून मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेनं काढता येते का ते बघू. भाऊही तेच म्हणत होता, इथं वेळ घालवू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. मी नोट लिहायला घेतली.

तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, या बाई काहीतरी म्हणतायत." आणि त्यांनी फोन फिरवला.

दाराला टेकून त्याची बायको उभी होती. डोक्यावर पदर, हातात कॅरीबॅगेत जुने केसपेपर. ती बहुधा पहिल्यापासून तिथंच असावी, कॅमेऱ्याच्या बाहेर. ती म्हणाली, "पहाटं बोलले ना ते माझ्यासंगं. फोनवर."

शेतीची थ्री फेज लाईट त्या आठवड्यात पहाटे होती. तो तीन-साडेतीनलाच उठून कांद्याला पाणी द्यायला मळ्यात गेला होता. भावाला हे माहीतच नव्हतं, तो शेजारच्या वस्तीवर राहतो. मोटार चालू केल्यावर त्यानं बायकोला फोन केला होता. काय म्हणाले? "लाईट आली, सात वाफे झाल्यावर येतो, चहा टाकून ठेव." बोलणं अडखळत होतं का? शब्द जड येत होते का? "न्हाई. रोजच्यासारखं."

"ताई, फोन आहे का तुमच्याजवळ?"

तिनं कमरेच्या पिशवीतून बटणाचा फोन काढला. अक्षरं पुसलेली, मागचं झाकण रबरबँडनं बांधलेलं. आलेल्या कॉलच्या यादीत सर्वांत वर ४.५२, बोलणं ३८ सेकंद. रबरबँड पाहिला आणि मला शंका आली. असे फोन पडले की बॅटरी निघते, आणि मग घड्याळ कुणी नीट लावत नाही. मी सिस्टरना तो फोन कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितला. त्याच्यावर ७.४४ होते, माझ्या लॅपटॉपवर ७.४१. फोन तीन मिनिटं पुढं. म्हणजे पहाटे ४.४९ ला हा माणूस वाफ्यांचा हिशेब सांगत होता, स्वच्छ आवाजात. दोन तास बावन्न मिनिटं झाली होती. दीड तास अजून हातात होता.

रक्तदाब २०४/११२ होता. १८५/११० च्या खाली आल्याशिवाय हे औषध देत नाहीत. लॅबेटॅलॉल १० मिलिग्रॅम, थांबून पुन्हा १०. साखर १४२. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या? बायकोनंच कॅरीबॅगेतून कागद काढले: फक्त बीपीची गोळी, ती "बरं वाटतंय म्हणून" दिवाळीपासून बंद. वजन अंदाजे ६० धरू असं मेडिकल ऑफिसर म्हणत होता. एका केसपेपरवर महिन्यापूर्वीचं वजन निघालं, ५५. हे पाच किलो क्षुल्लक नाहीत. किलोला ०.९ मिलिग्रॅम या हिशेबानं ६० किलोला ५४ होतात, म्हणजे ५० च्या कुपीशिवाय आणखी एक महागडी कुपी फोडा; ५५ ला ४९.५, एकाच कुपीत बसतं.

सिस्टरनी कुपी ज्या पद्धतीनं तयार केली ती मला आजही दिसते. पाणी कडेनं सोडलं, हलवलं नाही. हलवलं की फेस येतो आणि डोस चुकतो. दोन तळव्यांत धरून सावकाश फिरवली, फुगे बसेपर्यंत थांबल्या. दहावा हिस्सा, म्हणजे साधारण ५ मिली, मिनिटभरात शिरेतून. उरलेले साडेचव्वेचाळीस ५० सीसीच्या सिरिंज पंपावर, तासाभरात. शहरातल्या मोठ्या आयसीयूत मी याहून गबाळं काम पाहिलं आहे.

त्याआधी संमती. भाऊ म्हणाला, थोरल्यांना विचारून सांगतो, ते सिन्नरला आहेत. मी बायकोला फोनसमोर यायला सांगितलं. फायदा सांगितला, शंभरातल्या त्या सहा जणांचंही सांगितलं. तिनं विचारलं, "नाही दिलं तर?" मी म्हटलं, हात आणि बोलणं असंच राहण्याची शक्यता जास्त. ती म्हणाली, "मग द्या." सही केली.

सुई ८.०६ ला लागली. पहाटेपासून तीन तास सतरा मिनिटं.

पुढचं थोडक्यात. ॲम्ब्युलन्समध्ये दर पंधरा मिनिटांनी बीपी, इथं आल्यावर अँजिओ. मोठी वाहिनी मोकळी झाली होती, गुठळीचा एक तुकडा पुढच्या बारीक फांदीत, तारेनं काढण्यासारखा नव्हता. दुसऱ्या दिवशी पाय उचलला. तिसऱ्या दिवशी बायकोला नावानं हाक मारली. हात मागे राहिला.

हे लिहायचं कारण ती २१ मिनिटं. ७.२० ते ७.४१. मोठ्या वाहिनीच्या पक्षाघातात दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली जेफ्री सेव्हर यांनी मांडला. त्या रात्री मी गुणाकार केला. तपासणी आणि स्कॅनला लागलेली बारा मिनिटं लागणारच होती. उरलेली नऊ मी पुरुषांना तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्यात घालवली. नऊ गुणिले १९ लाख. एक कोटी एकाहत्तर लाख. सरासरीचा आकडा एका माणसाला लावायचा नसतो हे मला कळतं. तरी गुणाकार केला.

टेलिमेडिसिनवर मी कॉन्फरन्समध्ये बोलते तेव्हा २००८ ची अमेरिकी चाचणी नेहमी सांगते: नुसत्या फोनवर ८२ टक्के निर्णय बरोबर, व्हिडिओवर ९८ टक्के. हिमाचलचंही सांगते, तिथल्या जिल्हा रुग्णालयांनी साध्या स्मार्टफोनवर हे काम साधारण दहा वर्षांपूर्वी सुरू केलं. आमचा भर सगळा दिसण्यावर. त्या सकाळी मला पेशंटच्या बाहुलीचा आकार दिसत होता, आणि ज्या बाईला वेळ माहीत होती ती चार फुटांवर असून दिसत नव्हती. आपल्याकडे दवाखान्यात बोलायचं काम पुरुषाकडे असतं, मग त्याला काही माहीत असो वा नसो. भावाचं मला नवल वाटलं नाही. त्यानं त्याच्या परीनं खरंच सांगितलं. पण मी स्वतः बाई असून "घरात कोण असतं, तिला बोलवा" हे मला सुचलं नाही. सुचलं ते सिस्टरना.

आता कॉल लागला की मी आधी फोन खोलीभर फिरवायला सांगते आणि "शेवटचं बोलणं कुणाशी झालं?" असं विचारते. मग पेशंटकडे वळते.

एप्रिलमध्ये नव्वद दिवसांचा तपास व्हिडिओवरच केला. पक्षाघातानंतरचं अपंगत्व मोजणाऱ्या रँकिन स्केलवर २. स्वतःचं सगळं स्वतः करतो, पण पूर्वीची सगळी कामं नाहीत. शोधनिबंधांत याची गणती चांगल्या परिणामात होते, मीही तशीच नोंद केली. मागे द्राक्षांच्या मांडवावर खरड छाटणी चालू होती. मी म्हटलं, ताई, तुम्हीही समोर बसा. ती बसली, मग म्हणाली, "लवकर आटपा, माणसं लागलीत." कोणती काडी कुठं कापायची, किती डोळे ठेवायचे ते तो बोटानं दाखवतो, कात्री तिच्या हातात असते.

तिनं विचारलं, "गोडी छाटणीला हात येईल का?" गोडी छाटणी म्हणजे ऑक्टोबरातली, फळासाठीची.

मी त्याला अंगठा तर्जनीला लावायला सांगितलं. त्यानं जोर लावला, मनगट थरथरलं. दोघांच्या मध्ये बोटभर अंतर राहिलं. फेब्रुवारीत दोन बोटं होतं. मी पुढची तारीख जूनची दिली.