तुम्ही विचारलंत म्हणून: मोनेची बाग खरी आहे का?

पॅरिसला येणारे पाहुणे, त्यांनी पाठवलेले पाहुणे, कोल्हापूरच्या शाळेतल्या मैत्रिणी, सगळ्यांची गाडी शेवटी एकाच प्रश्नावर येते. जिव्हर्नी गावाला जायचं तर अख्खा दिवस मोडतो, तर फ्रेंच चित्रकार क्लोद मोने राहायचा ती बाग खरीच आहे का? कुठंतरी वाचलेलं असतं की सगळं नंतर लावलंय. मग पाठोपाठ "म्हणजे नकलीच ना?" येतंच. ते ऐकलं की मला अजूनही लागतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

हो, बाग नव्यानं लावलेली आहे. मोने 1926 मध्ये गेले. त्यांची सावत्र मुलगी आणि पुढं सून झालेली ब्लांश, तिनं 1947 पर्यंत, म्हणजे ती जाईपर्यंत, सगळं सांभाळलं. त्यानंतर आबाळच झाली. 1966 मध्ये मोनेंचा मुलगा मिशेल अपघातात गेला आणि घर फ्रान्सच्या ललित कला अकादमीकडं आलं. 1977 मध्ये दुरुस्ती हाती घेतली तेव्हा तुळया कुजलेल्या होत्या आणि मोठ्या स्टुडिओत तीन झाडं वाढलेली होती. तळं पुन्हा खणलं, जपानी पूल पुन्हा बांधला, पैसा मुख्यतः अमेरिकन देणगीदारांनी दिला, आणि 1980 मध्ये बाग लोकांसाठी उघडली.

यात लाजण्यासारखं काय आहे? फाटकापासून घराच्या दारापर्यंतच्या वाटेवर नॅस्टर्शियमचं जे फुलझाड पसरतं ते मोनेंच्या काळातही दर वर्षी नव्यानंच लावायला लागायचं. तळं तरी कुठं आयतं मिळालं होतं? 1893 मध्ये बागेलगतच्या रेल्वे रुळांपलीकडची जमीन घेऊन त्यांनी एप्त नदीच्या फाट्याचं पाणी वळवायची परवानगी मागितली, तेव्हा गावकरी विरोधात उभे राहिले. असल्या परक्या झाडांनी पाणी नासेल, गुरांना बाधेल, अशी त्यांना धास्ती. पुढं रस्त्यावरची धूळ तळ्यातल्या लिलींवर बसते म्हणून मोनेंनी स्वतःच्या खर्चानं रस्त्यावर डांबर घालून घेतलं. लोकांना वाटतं, चित्रकार खेड्यात घर घेऊन निवांत बसला. छे! त्या माणसानं बागेमागं जिवाचं रान केलं.

हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास होता. मग अण्णा, माझे वडील, आले.

अण्णा चित्रकलेचे शिक्षक. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला किती पोरं बसवली त्याला गणती नाही. घरी मोनेंच्या लिलींचं कॅलेंडरातून कापलेलं चित्र होतं, त्यातले निळे-जांभळे विटून करडे झालेले, आणि त्यावरूनच ते मुलांना सावलीतले रंग समजावून सांगायचे. जिव्हर्नी ही त्यांची पंढरी होती.

घरात शिरल्यावर पहिल्या स्टुडिओत भिंतभर चित्रं आहेत, मोनेंच्या वेळी लावलेली असायची तशीच. मी मागं थांबले. अण्णा एका चित्राशी गेले, मान वाकडी करून खिडकीच्या उजेडात कडेनं बघायला लागले. रंगाचा थर बघायची त्यांची ही जुनी सवय. मग दुसरं चित्र, मग तिसरं. वळून मला म्हणाले, "अगं, पृष्ठभाग सपाट आहे. ह्या प्रती आहेत." मी म्हटलं, हो अण्णा, मूळ चित्रं वेगवेगळ्या संग्रहालयांत आहेत, त्यातली काही पॅरिसला मार्मोतां संग्रहालयात, उद्या जाऊच. ते काही न बोलता गर्दीतून वाट काढत बाहेर आले आणि बाकावर बसले. पिवळी जेवणाची खोली बघितली नाही, निळ्या फरश्यांचं स्वयंपाकघर नाही. मी माझं पाठांतर सुरू केलं. नॅस्टर्शियम, एप्त, डांबर.

ते म्हणाले, "आपले कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान याच काळातले. कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहून ते पाणी रंगवत बसले. त्यांची किती चित्रं राहिली? आणि हे लोक मूळ चित्रं जपून ठेवतात, वर प्रती काढून माणसांना रांगेत उभं करतात. मला दोन्हीचा राग येतोय." आवाज चढला होता. आसपासचे लोक बघायला लागले. मला रडू फुटलं, कारण त्यांना इथं आणायचं हे माझं कधीपासूनचं स्वप्न होतं.

कसेबसे भुयारी वाटेनं तळ्यावर गेलो. एक माळी होडीत बसून लिलींची पानं काढत होता, नुसती पिवळी पडलेली नव्हे, चांगली हिरवीसुद्धा. अण्णांना राहवेना. "विचार त्याला, हिरवी का तोडतोय?" विचारलं. तो म्हणाला, पानं वाढू दिली तर पाणी झाकून जातं, मग आभाळ दिसत नाही. पुंजके चित्रातल्यासारखे सुटे राहायला हवेत.

अण्णा म्हणाले, "म्हणजे आधी तळं बघून चित्र केलं. आता चित्र बघून तळं करतायत." आणि ते बराच वेळ तिथंच उभे राहिले. रागावूनच, असं मला तेव्हा वाटलं. आज खात्री नाही.

त्यांच्या त्या वाक्याला माझ्याकडं अजून उत्तर नाही. पूर्वीची मी लगेच म्हणाले असते की मोनेही तळं चित्रासारखंच ठेवून घ्यायचे, त्या कामाला त्यांचा वेगळा माळी होता. ते खरंच आहे. पण मोनेंना उद्या सगळं उपटून टाकायची मुभा होती. चित्रं पसंत पडली नाहीत तर ते कॅनव्हाससुद्धा फाडायचे. त्या होडीतल्या माळ्याला ती मुभा नाही. आणि तरी तळं पुन्हा खणलं नसतं तर बरं झालं असतं, असं मी कुणाच्याही तोंडावर म्हणणार नाही. अण्णांच्याही नाही.

फोनवर हा वाद अजून निघतो. ते कोल्हापुरात सांगतात की घरात शिरू नका, तळं बघा आणि पॅरिसला ऑरांजरी संग्रहालयात खरी चित्रं बघा. मी सांगते, घरही बघा, स्वयंपाकघर तर बघाच. कोटितीर्थावर असं काही कुणी उभं केलं तर तुम्ही जाल का, असं मी त्यांना एकदा विचारलं. "आधी करू देत," म्हणाले, आणि फोन आईकडं दिला.