बहिणीचं संमतीपत्र आणि १५ एचपीची मोटर

सॉ मिलचं डिझेल इंजिन उतरवून विजेची मोटर बसवायला दीड दिवस लागला. त्याआधीचे पाच महिने कागदात गेले, त्यातले साडेतीन एकाच टेबलासमोर.

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमची वडिलांपासूनची छोटी सॉ मिल आहे. आसपासच्या शेतकऱ्यांची निलगिरी, सिल्व्हर ओक, फणस येतो, फळ्या-वासे होऊन जातो. बँड सॉ (पट्ट्यासारखं पातं फिरणारी करवत) जुन्या डिझेल इंजिनावर चालायचा, दिवसाला १२ लिटर पिऊन. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे रोजचे ३२ किलो. पण खरं सांगतो, मी हिशेबाला बसलो ते डिझेलच्या उधारीमुळे. ओंडका चढवताना, पातं बदलताना, चहाला बसलो तरी इंजिन आपलं भकभकतच असायचं, कारण बंद केलं तर परत हँडल मारायला दोन गडी लागत.

वनखात्याचीच जास्त धास्ती होती. १९९६ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून सॉ मिलचा परवाना म्हणजे जपून हाताळायची गोष्ट. आमच्या परवान्यात यंत्राची ताकद लिहिलेली, म्हणून आधी अर्ज दिला. साहेब येऊन बघून गेले, पत्र मिळालं. तिथं काही अडलं नाही.

अडलं ते वीज कचेरीत. मीटर वडिलांच्या नावावर. ते जाऊन सहा वर्षं झाली, बिल मी भरतो, कुणी कधी विचारलं नाही. भार वाढवून मागितला तेव्हा कळलं, अर्ज करणारा माणूस कागदावर हयातच नाही! आधी नाव बदला. मृत्यूचा दाखला, वारसा, उतारा सगळं दिलं. मग कारकून म्हणाले, बहिणीची संमती पाहिजे.

बहीण दिली गडहिंग्लजला. तिनं तिथंच महाराष्ट्राच्या स्टॅम्पवर, मराठीत, नोटरीसमोर लिहून पाठवलं. हे चालणार नाही, इथला स्टॅम्प पाहिजे. इथला आणला, बहीण एसटीनं येऊन सही करून गेली. आता मजकूर कन्नडमध्ये पाहिजे. समोरच्या टायपिंगवाल्यानं कन्नडमध्ये करून दिला, बहीण परत आली. (दुसऱ्या खेपेला तिनं मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.) तर म्हणे बिलावर वडिलांची नुसती आद्याक्षरं आणि दाखल्यावर पूर्ण नाव, दोघं एकच कशावरून? त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र. ते घेऊन गेलो की "साहेब इल्लरी, नाळि बर्री." (साहेब नाहीत, उद्या या.) असं अकरा वेळा ऐकलं, वहीत खुणा केल्यात. बाकावर बसलेलो बघून गावातला एकजण दर वेळी विचारायचा, "काय करूलैस रे अजून हितं?"

शेवटी मी एक केलं, ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. काय काय कमी आहे ते एका कागदावर लिहून द्या आणि माझ्या अर्जावर आवक शिक्का मारा, म्हणून हटून बसलो. लेखी यादी मिळाली त्यात तीनच गोष्टी होत्या, तिन्ही माझ्या पिशवीत! नवव्या दिवशी नाव बदललं. तोंडी सांगितलेल्या कागदामागं पळू नका.

आणि हो, मीटर वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर मोटर घ्यायचा विचार नसला तरी आजच बदलून घ्या.

मोटर घेताना दुकानदार २५ एचपीची गळ्यात मारत होता. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. आमच्या पात्याला १५ पुरते. गरजेपेक्षा मोठी मोटर अर्ध्या भारावर फिरली की पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती कामी लागते त्याचं माप) पडतो, त्याचा दंड बिलात येतो. तो सावरायला कॅपॅसिटर बसवाच. पातं बोथट झालं की अँपिअरचा काटा चढतो. इंजिनावर हे कधी कळलंच नव्हतं.

आता दिवसाला ३० युनिटं लागतात. वीजही बरीचशी कोळशाचीच, युनिटामागं साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तर २१ किलो होतो. शून्य नाही, पण एक तृतीयांश गेला. खर्च निम्म्याच्या खाली आला.

टेम्पोचं डिझेलही थोडं वाचवलं. ताज्या तोडीच्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं, म्हणून जळणाचं लाकूड आता रानातच महिनाभर रचून ठेवतो आणि मग आणतो. फळीच्या ओंडक्यांना मात्र हे करू नका. निलगिरी टोकाला चिरते आणि निम्मा माल जळणातच जातो. जांबोटीकडं रिकामा टेम्पो पाठवत नाही, कुणाच्या तरी फळ्या पोचवायच्या असल्या की मगच जायचं.

इंजिन विकलेलं नाही. पावसाळ्यात आमच्याकडं तारांवर झाड पडलं की दोन-दोन दिवस लाईट नसते. ते मागच्या शेडात ताडपत्रीखाली आहे, आणि हँडल कुठं ठेवलंय ते दोघांना माहीत आहे.