आमच्या घरी तर कुणी आलं नाही

अमळनेरकडे मी तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवतोय. वर्गात, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या थांब्यावर लोक मला एकच प्रश्न विचारतात. परवा शेजारच्या आजोबांनी तो अहिराणीत विचारला: "सर, देशनं उत्पन्न मोजं म्हनतस, पन आमना घर ते कोनीच उना नही. मंग मोजं कोनी?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घरी आले नसतील, पण बांधावर येऊन गेले असतील.

मी आठवीत होतो. बाजरी कापणीला आली होती. तलाठी आप्पा टेप, खुंट्या, सुतळी आणि तराजू घेऊन शेतात आले. गावातले काही गट नंबर चिठ्ठी काढावी तसे निवडले होते, त्यात आमचा निघाला. बांधाच्या कोपऱ्यापासून लांबीकडे किती पावलं आणि रुंदीकडे किती, हेही आधीच ठरलेलं. आप्पा मोजत गेले आणि थांबले ते नेमके चोपण जमिनीत, जिथे ताटं गुडघ्याएवढीच होती. आमचे नाना कळवळले. "आप्पा, इथे काय मोजता? विहिरीकडची बाजरी पाहा ना!" आप्पांनी खुंटी ठोकली. "नाना, आकडा पडला तिथेच. तुमचं चांगलं घेतलं आणि त्याचं वाईट घेतलं, तर तालुक्याचा आकडाच खोटा होईल."

दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद असा चौकोन आखला. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. तेवढीच बाजरी कापली, झोडली. मायने सुपात पाखडून दिली आणि दाणे तराजूत गेले. पन्नास चौरस मीटरमधलं वजन गुणिले दोनशे, म्हणजे हेक्टरी उतारा. सहा किलो भरलं तर बारा क्विंटल. अशा शेकडो शेतांची सरासरी आणि पेऱ्याचं क्षेत्र, यांवरून जिल्ह्याचं पीक ठरतं. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. त्याला शास्त्राचा पाया दिला तो सुखात्मे आणि पानसे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी. आप्पांनी त्या दिवशी खुंटी हलवली नाही, याचं मोल मला कॉलेजात गेल्यावर कळलं. देशाच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तो अशा खुंट्यांच्या जोरावर.

आता कापूस घ्या. रकमा हिशेबापुरत्या धरतो. एका क्विंटलसाठी शेतकऱ्याने बी, खत, फवारणीवर २००० रुपये घातले आणि कापूस ७००० ला विकला. जिनिंगवाल्याने विजेवर २०० खर्चून त्याची रुई आणि सरकी काढली, ती ७८०० ला विकली. या सगळ्या विक्रीची बेरीज केली तर १७००० होते, आणि ती साफ चूक आहे. कारण जिनिंगच्या ७८०० मध्ये शेतकऱ्याचे ७००० आधीच बसलेत, आणि त्या ७००० मध्ये खताचे पैसे. म्हणून प्रत्येकाने आपल्या हाताने किती भर घातली तेवढंच धरायचं. बी-खतवाल्यांचे २०००, शेतकऱ्याचे ५०००, विजेचे २००, जिनिंगचे ६००. झाले ७८००.

इथे दरवर्षी निम्मा वर्ग चुकतो. वेचणीची मजुरी शेतकऱ्याच्या ५००० मधून वजा करतो. ती वजा करायची नाही! खत दुसऱ्याने बनवलेला माल आहे, मजुरी हे वेचणाऱ्या बाईचं उत्पन्न आहे. त्या ५००० मधूनच मजुरी, सावकाराचं व्याज आणि शेतकऱ्याची शिल्लक निघते. म्हणूनच वस्तूंच्या बाजूने मोजा, नाहीतर मजुरी, व्याज, भाडं, नफा अशा उत्पन्नाच्या बाजूने मोजा, रक्कम एकच यायला हवी. तिसरी वाट खर्चाची: लोकांनी, सरकारने, उद्योगांनी काय घेतलं, बाहेर काय पाठवलं, बाहेरून काय आणलं. प्रत्यक्षात या वाटांनी आलेले आकडे तंतोतंत जुळत नाहीत, आणि राहिलेला फरक सरकारी तक्त्यात उघड लिहिलेला असतो. तो लपवत नाहीत, याचा मला आदर वाटतो. भावाचंही भान ठेवावं लागतं. रावेरची केळी तेवढीच निघाली आणि भाव दुप्पट झाला, तर उत्पादन दुप्पट झालेलं नसतं. म्हणून एका ठरलेल्या वर्षाच्या भावाने पुन्हा हिशेब करतात.

आपल्याकडे हा ध्यास जुना आहे. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ साठी माणशी वीस रुपये उत्पन्न काढलं आणि तुरुंगातल्या कैद्याच्या पोटाला यापेक्षा जास्त लागतं हे दाखवलं. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली, तिच्यात व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याचे धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ होते. विकलं न जाणारं धान्य कसं धरायचं, हा त्यांच्यापुढचा अवघड प्रश्न होता.

घरात खायला ठेवलेली ज्वारी धरतात. स्वतःच्या घरात राहता त्याचं मानीव भाडंही, म्हणजे ते घर भाड्याने दिलं असतं तर जे मिळालं असतं तेही, धरतात. पण त्याच ज्वारीत उडीद घालून दळून, चुलीपुढे बसून थापलेली कळण्याची भाकरी धरत नाहीत. हायवेवरच्या ढाब्यावर तीच भाकरी आणि भरीत खाल्लं तर धरतात. अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकेच्या संसदेसाठी पहिला मोठा हिशेब मांडला, तेव्हाच घरातल्या बायकांचं काम यात नाही हे स्पष्ट लिहिलं होतं. त्याला बाजारभाव नाही, हे कारण आजही देतात. अडचण मला मान्य आहे. पण भाव नाही म्हणून काम नाही, असं कुणी म्हणू लागलं की मला राग येतो. सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि करणारे पुरुष ९७, असं आढळलं.

म्हणून मी दरवर्षी कापसाच्या हंगामात मुलांना एक काम देतो. आईचा एक दिवस कागदावर उतरवायचा. डावीकडे देशाच्या हिशेबात जाणारं काम, उजवीकडे न जाणारं. एका मुलीने दोन दिवसांचे दोन कागद आणले होते. पहिल्यावर डावीकडे होतं: कापूस वेचणी, ४२ किलो, मजुरी मिळाली. दुसऱ्या दिवशी पाऊस झाला, वेचणीला जाता आलं नाही. त्या कागदावर डावी बाजू कोरी होती. उजवी बाजू पानभर भरून मागच्या पानावर गेली होती.