कव्हरातली चिठ्ठी

परभणीत कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो मी. दर शनिवारी संध्याकाळी क्रिप्टोग्राफी, म्हणजे मजकूर गुप्त ठेवायची विद्या, आणि समाज असा चर्चेचा तास घेतो, कुणीही या, फी नाही. माझं काम एवढंच की गाडी रुळावर ठेवायची, आणि ते लई अवघड आहे ओ. क्रिप्टो म्हटलं की पोरं बिटकॉइनवर जातात, रिटायर गुरुजी मोडीवर. मोडी गुप्त लिपी नव्हती गुरुजी, भराभर लिहायची लिपी, सगळं दफ्तर त्यातच चालायचं, हे किती वेळा सांगावं!

परवाचा विषय केंद्र सरकारचे 2021 चे आयटी नियम. 50 लाखांच्या वर युजर असलेल्या मेसेजिंग अ‍ॅपनं, आदेश आला तर, मेसेज पहिल्यांदा कुणी टाकला ते सांगायचं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर 2016 पासून एंड टू एंड एन्क्रिप्शन आहे, मेसेज मधी कंपनीलाच वाचता येत नाही, म्हणून ते दिल्ली हायकोर्टात गेले. आमच्यात जुंपली. एकजण म्हणे अफवा उठवणारा सापडाया नको का, दुसरा 2017 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढून बसला, प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे म्हणून. मी खूश, कधी नव्हे ते सगळे विषयावर.

तेवढ्यात मोबाइल दुरुस्तीवाले काका म्हणाले, "सर, माझ्याकडं लोकं फोन टाकतेत ना, त्याच्या कव्हरात..."

"काका, दुरुस्तीचं नंतर बोलू."

"बरं सर." गप बसले अन् चहा घेऊन निघून गेले.

सोमवारी माझ्याच फोनचा डिस्प्ले गेला. गेलो काकांकडं. त्यांनी कागदाचा चिटोरा पुढं सरकवला, "पिन लिहून ठेवा, टच चेक कराय लागंल." आणि मी लिहिला! सहाच्या सहा आकडे, खाली नाव सुद्धा.

काकांनी काही न बोलता ड्रॉवर उघडला. आत असल्याच चिठ्ठ्या, एकीवर नऊ ठिपके काढून पेनानं बाण ओढलेला, एका कव्हराच्या आत तर फोनच्या पिनखाली एटीएमचा पण चिकटवलेला. "शनिवारी हेच सांगायलो होतो सर."

केर्कहॉफ्स नावाचा क्रिप्टोग्राफीवाला 1883 मधीच सांगून गेला की पद्धत शत्रूला कळली तरी चालेल, किल्ली तेवढी जपा. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो, पोरांकडून पाठ करून घेतो, आणि किल्ली काउंटरवर ठेवून मोकळा. कंपनीनं, सरकारनं मधी काही वाचू नये म्हणून तासभर भांडलो आम्ही, अन् इथं कुणी मागितलं नसतं तरी दिलं असतं.

चिठ्ठी परत घेऊन फाडली, डिस्प्ले बसल्यावर पिन मीच टाकला. काका हसायले नुसते.

येत्या शनिवारी काका बोलणार आहेत, 20 मिनिटं. गुरुजींचा आत्ताच फोन येऊन गेला, काकांचं झालं की मोडीला दहा मिनिटं मिळतील का म्हणून.