पावसाचा सीन, आठवडा तिसरा (अजून संपला नाही)

मागच्या खेपेला म्हणालेलो की फिल्ममधल्या पावसाच्या सीनच्या आवाजाचं काम या आठवड्यात संपवतो, नाही संपलं. सीन सव्वा मिनिटाचा फक्त, खानापूर साईडचं घर, म्हातारा पावसातून अंगणात येतो, पडवीत बसतो, दोन वाक्यं बोलतो.

पाऊस घ्यायला जांबोटीला मामाकडे गेलो, अंगणात मोकळ्यावर अर्धा तास रेकॉर्ड केला, बाहेर नुसता धो धो आणि हेडफोन लावून ऐकतोय तर सूंऽऽ, पूर्वी टीव्हीवर मुंग्या यायच्या तसलं. मामी ऐकून म्हणाली, "भजी तळायलायस काय रे?" तेव्हा डोक्यात उजेड पडला की पावसाला स्वतःचा आवाज नाहीच म्हणा, तो कशावर पडतोय त्याचा आवाज. मग एकेक जवळून घेतलो, पत्रा, ताडपत्री, केळीचं पान, पागोळीखाली पालथी बादली. पत्रा फार भाव खातो, त्याचा आवाज एकदम खाली ठेवलाय, केळीचं पान मात्र जाड टप टप मस्त वाजतं. ते सूंऽ सगळ्यांच्या मागे बारीक. आता पाऊस वाटतोय.

फोनचा साधा रेकॉर्डर वापरू नका, ऑटो गेन असतो (गेन म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते), जरा शांत झालं की मागची घरघर आपोआप वर काढतो. मॅन्युअल गेनवालं ॲप घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे १२ डीबीच्या आसपास.

पावलं घरीच केली, चित्र बघत बघत, म्हणजे फोली. (हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या जॅक फोलीवरून पडलेलं नाव, तो हेच करायचा.) परातीत भिजवलेला पेपर, त्यावर आजोबांची अथणीची चप्पल हातात घालून दाबायची. चपलेची कर्रकर्र इतकी भारी आली की दोन दिवस त्यावरच खूष होतो, आणि निपाणीचा मित्र बघून म्हणतो, अरे चप्पल भिजलीय की, भिजलेलं चामडं कर्रकर्र कुठलं करतंय? गेली ती. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदाची, दोन-तीन फ्रेम पाऊल मागे पडलं की दुसराच कोणतरी चालतोय असं वाटतं, म्हणून एकेक सरकवत बसलो.

खरा वैताग डायलॉगचा. आमचं घर बेळगावच्या वडगावात, शेजारी यंत्रमाग. १०० हर्ट्झला लो कट (त्याखालचे जाड आवाज कापणारा फिल्टर) लावला तर घूंऽ गेलं पण खटखट कुठली जायला, ती वरपर्यंत पसरलेली असते. शेवटी लाईट जायची वाट बघितली, लाईट गेली की माग बंद, तेवढ्यात दोन्ही वाक्यं उरकली. मग आठवलं रूम टोन घ्यायचा राहिला, म्हणजे नुसत्या रिकाम्या खोलीचा मिनिटभर आवाज, तो खाली नसेल तर दोन वाक्यांच्या मधे कान बंद झाल्यासारखं होतं. सगळ्यांना गप्प बसवलो, चाळीस सेकंद झाले आणि लाईट आली. तेवढंच लूप करून लावलंय, पण बारीक ऐकलं तर जोड कळतोय, तेव्हा परत लाईट जायची वाट बघतोय.